दुबळा ब्रेक : बिघाड आणि काळ

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते. ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला. या वाक्यात ब्रेक जणू एखाद्या झटक्याने दगावतो. क्षणापूर्वी तो धडधाकट होता आणि क्षणानंतर नाही. प्रत्यक्षात, पाइप फुटण्यासारखे प्रसंग सोडले, तर ब्रेक असा एकाएकी जात नाही. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, दुबळा होत असतो आणि चालवणारा माणूस नकळत त्या दुबळेपणाशी जुळवून घेत असतो. 'निकामी' हे विशेषण त्या सगळ्या काळावर पडदा टाकते. प्रस्तुत लेखाचा विषय तो पडद्याआडचा काळ आहे. मराठी शिकवणाऱ्या व्यक्तीने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडला तर तो रास्त आहे. उत्तर पुढे मिळेल अशी आशा आहे.

आमच्याकडे १९६८ सालची फियाट ११०० आहे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती १९८५ मध्ये वापरलेलीच विकत घेतली. ते वाईला वकिली करीत आणि महिन्यातून दोनतीनदा पसरणी घाट चढून पाचगणीला जात. २०१७ साली ते गेले. गाडी माझ्याकडे आली. २०१९ च्या मे महिन्यात मी पाचगणीहून उतरत होते. घाटाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पेडल एकाएकी मऊ लागू लागले. पायाखाली लोणी असावे तसे ते खाली गेले आणि गाडी तशीच चालत राहिली. मी सवयीने पाय उचलून पुन्हा दाबला. मग पुन्हा. हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला आणि वळणावर उभ्या असलेल्या एका टेम्पोपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. माझी मुलगी शेजारी बसली होती.

अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत कडक झाले. गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हा तर बिघाड दाखवायलाही उरला नव्हता. तेथील कारागिराने जे त्याला ठाऊक होते ते केले: पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम लेथवर टर्न करून आणले, नवे लायनर बसवले, ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली. गाडी घेऊन निघाले तर ब्रेक आधीपेक्षा वाईट. पेडल कडक, दगडासारखे, पण गाडी थांबायला तयार नाही. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ''मॅडम, जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात.''

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवीत होते, कारण आमच्या वर्गात त्याचे एक भावंड वर्षातून चारदा तरी कानी पडते. जुन्या कादंबरीतला एखादा प्रसंग फसलेला वाटला की विद्यार्थी म्हणतो, ''त्या काळी असेच लिहीत.'' कधी ते खरे असते. कधी लेखकाचीच चूक असते आणि त्याच्या समकालीनांनीही ती चूकच मानलेली असते. कशाला काळाची मर्यादा म्हणायचे आणि कशाला बिघाड, हे ठरवायचे तर त्या काळी चांगले म्हणजे किती चांगले होते हे ठाऊक असावे लागते. १९६८ च्या फियाटचा ब्रेक नवा असताना कसा लागत होता, हे मला ठाऊक नव्हते. गॅरेजमधल्या त्या तरुणालाही नव्हते. म्हणून थोडा इतिहास पाहावा लागला.

मोटारीच्या ब्रेकचा इतिहास घोडागाडीच्या लाकडी ठोकळ्यापासून सुरू होतो. चाकाच्या लोखंडी धावेवर ठोकळा दाबायचा आणि घर्षणाने चाक अडवायचे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो आणि इंधनासाठी ती वाटेत औषधांच्या दुकानात थांबली ही हकीकतही सर्वश्रुत आहे. मला त्यातला वेगळा थांबा महत्त्वाचा वाटतो. उतारांवर ब्रेकचे लाकूड झिजून गेले तेव्हा बाउश्लोट नावाच्या गावी तिने चांभाराला गाठले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला वेगळे, झिजण्यासाठीच असलेले आणि बदलता येणारे अस्तर हवे, ही कल्पना अशी रस्त्यात, गरजेपोटी आली. आजचे आपले 'लायनर' त्या चामड्याचे वंशज आहे. चढावर तीच गाडी मुलांना ढकलावी लागली, म्हणून नंतर तिला डोंगरासाठी आणखी एक खालचा गिअर बसवण्यात आला. घाट उतरताना ज्या दोन गोष्टी माणसाला तारतात त्या दोन्हींचा माग एका बाईच्या त्याच एका सहलीत लागतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाचे गाडीवानांकडे लक्ष गेले. डोंगराळ भागात मालाच्या गाड्या उतरवताना ते लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकीत. पुन्हा चामडेच. फ्रूडने त्यावरून अस्तरांचा धंदा उभारला. आपल्या आडनावाच्या अक्षरांत एक स्वर मिसळून, उलटापालट करून त्याने 'फेरोडो' हे नाव बनवले. चामडे, केस, सुती कापड हे सगळे तापले की जळते, म्हणून १९०८ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉसकडे मोर्चा वळवला. न जळणारा, विणता येणारा, स्वस्त तंतू. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या ब्रेकच्या अस्तरांत तोच होता. त्याची धूळ फुप्फुसात रुतते हे कळायला फार उशीर झाला असे मात्र म्हणता येत नाही. १९२४ मध्येच डॉ. विल्यम कुक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीच्या मृत्यूची नोंद केली होती. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. या मधल्या काळात किती कारागिरांनी ड्रम उघडून, तोंडाने फुंकर मारून आतली धूळ उडवली असेल याची गणती नाही. अण्णांच्या वेळी मी स्वतः ते पाहिले आहे, शेजारी उभी राहून. जुन्या गाडीचा ड्रम उघडणाऱ्या कोणालाही हे सांगावेसे वाटते की त्या धुळीला फुंकर मारू नका, हवेचा पाइप लावू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

विषयांतर झाले. पण अस्तराचा इतिहास टाळून ब्रेकचा इतिहास सांगता येत नाही.

ड्रम ब्रेकचे श्रेय सामान्यतः लुई रेनोला, १९०२ सालाला, दिले जाते. धावेच्या बाहेर दाबणारा ठोकळा आता चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याच्या आत गेला आणि आतून बाहेर फाकू लागला. चिखलपाण्यापासून तो वाचला. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला: फिरणारा ड्रम दोनांपैकी एका शूला आपल्याबरोबर ओढून स्वतःवरच घट्ट रोवतो. म्हणजे चाकाची गतीच चाक थांबवायला मदत करते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते, परंतु त्याला साजेसे अस्तर तेव्हा नव्हते आणि ती कल्पना अर्धशतक पडून राहिली.

आज ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण या काळात ब्रेक मागच्याच चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी घसरेल, उलथेल, अशी समजूत होती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढची चाकेच करू शकतात. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझाने चारही चाकांच्या ब्रेकची उत्तम रचना आणली आणि पाचसहा वर्षांत ती पद्धत रूढ झाली. संक्रमणाच्या त्या दिवसांत ब्रिटनमध्ये चारचाकी ब्रेकच्या गाड्या पाठीवर लाल त्रिकोण मिरवीत. मागच्या चालकाने जपून राहावे, ही गाडी चटकन थांबते, असा त्याचा अर्थ. चांगल्या ब्रेकचीच दुसऱ्यांना भीती वाटण्याचा काळ होता तो.

दांडे आणि केबल यांनी चार चाकांना सारखा जोर पोचवणे मात्र कटकटीचे होते. एक केबल जराशी सैल झाली की गाडी एका अंगाला ओढे. यावर तोड काढली ती माल्कम लॉकहीड या अमेरिकनाने. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम त्याने पायाशी आणून बांधला: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखाच पोचतो. पेडलखालच्या मास्टर सिलिंडरमधून निघालेला दाब चारही चाकांच्या सिलिंडरांत समान. १९१७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. (विमानांचा कारखाना काढणारा ॲलन हा त्याचा भाऊ. त्यांच्या आडनावाचे मूळ स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नव्हता, लोक भलतेच काही उच्चारीत. म्हणून दोघांनी पुढे स्पेलिंगच बदलले.) जुलै १९२१ मध्ये ले माँ येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने ड्यूझेनबर्ग गाडीतून जिंकली, ती हायड्रॉलिक ब्रेकच्या जोरावर. रस्त्याची पार चाळण झालेली असताना प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारणे त्याला परवडत होते. त्याच वर्षापासून ड्यूझेनबर्गची रस्त्यावरची गाडीही अशा ब्रेकसह मिळू लागली आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या गाडीत आणले. लॉकहीडच्या मूळ रचनेत गळती रोखणारे चामड्याचे वायसर होते आणि ते पाझरत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबराचे कप बसवले. चामडे ते रबर, असा हा आणखी एक टप्पा. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत दम धरला. पेडलपासून चाकापर्यंत अखंड पोलाद असल्याची ग्वाही त्यांच्या जाहिराती देत. नळीतल्या पातळ पदार्थावर जीव सोपवायचा, ही कल्पना लोकांच्या पचनी पडत नव्हती. त्यांची शंका अगदीच निराधार होती असेही नाही, हे पुढे दिसेल.

आमच्या फियाटचे कुळ इथपर्यंत येऊन मिळते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाटची ११०० तयार होऊ लागली. त्या पहिल्या गोल पाठीच्या गाडीला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि ते नाव तिरस्काराने नव्हे तर लाडाने घेतले जाई. १९६४ मध्ये तिच्या जागी चौकोनी अंगाची ११००डी आली. हीच पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. ११००डी ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि सगळे एकाच मास्टर सिलिंडरवर, एकाच नळीच्या संसारात. दोन स्वतंत्र मार्गांची रचना, म्हणजे एक फुटला तरी दुसरा उरावा अशी सोय, अमेरिकेत १९६८ पासून कायद्याने आवश्यक झाली. आमच्या गाडीत ती नाही. चार चाकांपैकी कुठल्याही एकाकडे गळती झाली की पायातला सगळा ब्रेक गेला. मग उरतो तो हँडब्रेक, कारण त्याची केबल वेगळी. तोवर डिस्क ब्रेकही जगाला ठाऊक झाले होते: १९५३ मध्ये त्याच ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जग्वारने बाजी मारली आणि १९५५ मध्ये सिट्रोएनने आपल्या डीएस गाडीत ते पुढच्या चाकांना दिले. आमच्याकडे त्यांना यायला बराच अवकाश होता.

म्हणजे मर्यादा आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी घाटात कळते. माणसांसकट गाडीचे वजन बाराशे किलो धरले आणि उतार पाचशे मीटर उंचीचा धरला, तर गाडी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात साध्या घागरीच्या थंडाव्याचे वीसेक लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने आणि हवेने त्यातला वाटा उचलला नाही, तर ती सगळी उष्णता चार लोखंडी डब्यांत. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, पेडल अधिक खाली जाते. अस्तर तापले की त्याची पकड मंदावते. डिस्क तापून फुगली तर पॅडकडे सरकते, ड्रम मात्र पळ काढतो. पसरणीत दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे हा भित्रेपणा नसून त्या पिढीच्या गाडीचे व्याकरण होते. अण्णा नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत. मी तिसऱ्यात उतरत होते.

पण हे झाले ड्रमचे. माझे पेडल मऊ झाले होते, लोण्यासारखे, आणि ड्रमच्या फुगण्याने ते तसे होत नाही. हा फरक मला शिकवला तो साताऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. सत्तरी ओलांडलेले, फियाटखेरीज दुसऱ्या गाडीला सहसा हात न लावणारे. त्यांनी आधी बॉनेट उघडलेच नाही. गाडीत बसले आणि नुसता पाय ठेवला. त्यांच्या पद्धतीत पेडल हा मजकूर आहे. पेडल मऊ, रबरासारखे, म्हणजे नळीत हवा किंवा वाफ; द्रव दबत नाही, हवा दबते. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, म्हणजे दाब पोचतो आहे, अस्तर पकडत नाही. पाय स्थिर ठेवला असता पेडल संथपणे फरशीकडे बुडू लागले आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप आतल्या आत द्रव सोडतो आहे. गाडी एका अंगाला ओढते, तर एका चाकात तेल उतरले आहे किंवा सिलिंडर गंजून जाम झाला आहे किंवा चाकाकडे जाणारी रबरी नळी आतून सुजली आहे. बाहेरून ती नळी धडधाकट दिसते, आत मात्र सुईएवढी वाट उरलेली असते. मग दाब जातो आणि लवकर परत येत नाही, ब्रेक चिकटून राहतो. आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर आले, तर लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढली आहे.

हे सांगताना ते थांबले आणि माझ्या पायाकडे पाहून म्हणाले, ''मॅडम, तुम्ही दोनदा का मारता?''

मी म्हणाले, या गाडीला असेच चालवतात. अण्णा असेच चालवीत.

''साहेबांना ठाऊक असणार,'' ते म्हणाले, ''पण मग त्यांनी फट कमी का नाही करून घेतली?''

त्या रात्री मी अण्णांची वही काढली. पेट्रोल, किलोमीटर, हवा, खर्च. वकिली अक्षर, तारखेसकट. त्यात 'ब्रेक ऑइल टाकले' ही नोंद मी शोधत गेले. १९९० च्या दशकात ती वर्षा-दीड वर्षाने एकदा येते. २००८ नंतर सहा महिन्यांनी. २०१४ पासून दर दोनतीन महिन्यांनी. ब्रेकचा द्रव खर्च होणारा पदार्थ नाही. अस्तर झिजेल तशी पातळी किंचित उतरते, एवढेच. वारंवार टाकावा लागतो याचा अर्थ तो कुठेतरी बाहेर जातो आहे. दुसरी गोष्ट क्रियापदाची. एकतीस वर्षांच्या वहीत 'टाकले' पुष्कळ आहे, 'बदलले' एकदाही नाही.

हा द्रव पाणी पितो. पूर्वी अल्कोहोल आणि एरंडेल तेल यांचे मिश्रण वापरीत; नंतर ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले आणि त्यांचा हा गुण की दुर्गुण असा की हवेतली वाफ ते सूक्ष्म वाटांनी शोषून घेतात. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. ओल शोषल्यावर त्याच द्रवाची मर्यादा १४० अंशांवर घसरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून तो दर दोन वर्षांनी संपूर्ण काढून नवा भरायचा असतो. वाईचा पाऊस, एकतीस वर्षे आणि 'टाकले'. घाटाच्या शेवटच्या टप्प्यात चाकाच्या सिलिंडरमधले पाणी उकळले, वाफ झाली, माझा पाय वाफेवर पडला. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि गॅरेजमध्ये बिघाड सापडला नाही. नळीतल्या पातळ पदार्थावर विसंबायला का कू करणाऱ्या फोर्डच्या गिऱ्हाइकांची मला त्या दिवशी आठवण झाली.

गळती मिस्त्रींना मागच्या डाव्या चाकात मिळाली. सिलिंडरवरची रबरी टोपी मागे सारताच पातळ, तपकिरी द्रव ओघळला. तो पाझरून अस्तरही भिजले होते. कपांचे रबर फुगून गुळगुळीत झाले होते, म्हणजे केव्हातरी कोणीतरी घाईच्या वेळी डबीत इंजिनाचे ऑइल ओतले असावे असा त्यांचा कयास. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि मग सगळे किट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. वहीत तशी नोंद नाही. असती तरच नवल.

राहिले पुढचे नवे लायनर, कडक पेडल आणि न थांबणारी गाडी. त्यांनी मला विचारले, ''खडू आहे का?'' माझ्या पर्समध्ये तो असतोच. त्यांनी लायनरवर आडव्या रेघा मारल्या, ड्रम चढवला, पेडल दाबायला लावून ड्रम हाताने अर्धा वेढा फिरवला आणि उतरवला. खडू फक्त मधोमध पुसला गेला होता. दोन्ही टोकांना रेघा जशाच्या तशा. ड्रम टर्न केला की त्याची त्रिज्या वाढते. नवे लायनर मात्र मूळ त्रिज्येचे. लहान वर्तुळाचा तुकडा मोठ्या वर्तुळात बसवला तर तो मध्येच टेकणार. जितके टेकते तेवढेच थांबवते, बाकीचे लायनर नुसते शोभेचे. नव्या मालाने जुना ब्रेक दुबळा केला होता आणि तो दुबळेपणा जुन्याच्या नावावर खपवला गेला होता. त्यांनी लायनर ड्रमच्या मापाने घासून बसते केले. हे काम पूर्वी प्रत्येक गॅरेजात होत असे.

जाता जाता एक भाषेची गंमत. 'गतिरोधक' हा शब्द बनवला गेला तेव्हा तो मोटारीतल्या या यंत्राला शोभला असता. व्यवहाराने तो रस्त्यावरच्या उंचवट्याला देऊन टाकला आणि यंत्र 'ब्रेक'च राहिले. कारागिराच्या तोंडी तर 'ब्रेक धरतो', 'ब्रेक सोडतो', 'ब्रेक चिकटतो', 'ब्रेक ओढतो' अशी सगळी जिवंत प्राण्याची क्रियापदे आहेत. 'निकामी होतो' हे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. असो.

नवा द्रव, चारही चाकांचे किट, मागच्या चाकांना नवे लायनर, तीन रबरी नळ्या आणि फटींची जुळणी एवढे झाल्यावर १९६८ चा ब्रेक मला प्रथमच भेटला. तो चांगला आहे. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्यावर थांबते आणि गाडी सरळ रेषेत थांबते. तरीही माझ्या भावाच्या अलीकडच्या गाडीपेक्षा त्याला पायाचा जोर कितीतरी अधिक लागतो, कारण मदतीला काही नाही. आणि पुढच्या गाडीपासून अंतर अधिक ठेवावे लागते, घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरावा लागतो. हे त्याच्या काळाचे. अण्णांच्या चालवण्यातले दुसरे गिअर आणि लांब अंतर त्यामुळे मला नव्याने कळले. दोनदा पाय मारणे मात्र त्यात बसत नाही. तो बिघाड होता आणि आपल्या कौशल्याने त्यांनी तो इतकी वर्षे झाकला, आमच्यापासून आणि कदाचित स्वतःपासूनही. उत्तम चालकाच्या गाडीतला बिघाड उशिरा उघडकीस येतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच्या हाती येतो. २०१९ च्या मे महिन्यात तो माझ्या हाती आला होता, शेजारी मुलगी असताना.

हे लिहिताना त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. पण आदरापोटी ती सवय 'गाडीचा स्वभाव' म्हणून मी पुढे चालवली, ही माझी चूक मला नोंदवलीच पाहिजे. वही मी पुढे चालू ठेवली आहे. त्यात जून २०१९, जून २०२१, जुलै २०२३ आणि जून २०२५ अशा चार तारखांपुढे 'ब्रेक ऑइल बदलले' असे आहे. मुलगी आता गाडी शिकते आहे. पहिल्या दिवशी ती पेडल एकदाच दाबत होती आणि गाडी थांबतही होती. चौथ्या दिवशी मी शेजारी बसले असताना तिने लाल दिव्यापाशी दोनदा दाबले. मी विचारले, दोनदा का? ती म्हणाली, ''तूच दाबतेस की, आई.''